परबकाका आणि माझा लाल शिक्का

सोम. ३ फेब्रु.

साडेसहाला बाग. चार फेऱ्या, गुडघ्याची कुरकुर नाही. मग बाकावर बसून मोबाईल. ‘चहा-चिवडा’ ग्रुपवर रात्रभरात त्रेपन्न मेसेज. ही माणसं झोपतात कधी?

बाळ्या, माझा शाळासोबती, बोरिवलीत बसून साऱ्या जगाची उठाठेव करतो. आज त्याने तीन डोळ्यांची म्हैस आणली. फोटो मोठा करून पाहिला. तिसऱ्या डोळ्याची सावली उलट्या बाजूला. शिक्का. पाटकर वहिनींचं कढीपत्त्याचं पाणी, महिनाभरात चष्मा जातो म्हणे. शिक्का. लगेच हसण्याचे बारा चेहरे आले.

शिक्का म्हणजे मनवाने दिवाळीत करून दिलेला स्टिकर. माझाच चेहरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर उतरलेला, खाली लाल अक्षरात ‘बनावट’. लेकीने बापाला बरोबर ओळखलंय. औषध कंपनीत तीस वर्षं माल तपासायचं काम केलं. बॅच नंबर नाही, तारीख नाही, सही नाही, की लाल चिठ्ठी लावून माल परत. माझ्या हातून खराब माल कधी बाहेर गेला नाही. आता फॉरवर्डना तोच नियम: तारीख, ठिकाण, नाव. तिन्ही नसतील तर परत.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला रोजचे आजोबा. “काय रे, आज काय बातमी?” रोज हेच विचारतात. मी मान वर न करता म्हटलं, “काही नाही आजोबा, सगळं खोटंच.” ते हसले. मग साकीनाका, कंपनी, सातचा भोंगा, असलं काहीबाही बराच वेळ चाललं होतं. मी हं हं करत राहिलो.

घरी आल्यावर सुलभा म्हणाली, “जगाचं खरंखोटं करून झालं असेल तर ही गवार निवडा.” निवडली.

मंगळ. ४ फेब्रु.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. एकूण नऊ शिक्के.

७.१० – बाक रिकामा. पाय लांब करून ऐसपैस बसलो. आजोबांची टकळी नाही, सगळं वाचून दहा मिनिटांत मोकळा.

८.३० – बाळ्या: घाटकोपरला माकड लिफ्टने सातव्या मजल्यावर गेलं, व्हिडिओसकट. लिफ्टमधली मराठी सूचना वाचली, आरशातलं प्रतिबिंब जुळवलं. खरं निघालं. खरं निघालं की मला जरा चुटपुट लागते, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

१० – दिंडोशीत बिबट्या. फोटो जुना, दोन वर्षांपूर्वीही असाच फिरला होता. शिक्का. पाटकर वहिनींनी तोवर नातवाला शाळेतून लवकर आणायचं ठरवलं होतं. “वानखडे साहेब, तुमच्यामुळे एक चक्कर वाचली हो!”

११.४० – हरवलेला म्हातारा. ‘आमचे बाबा कालपासून घरी आलेले नाहीत, त्यांना नीट आठवत नाही, मुलुंडमध्ये कुठे दिसल्यास कळवा.’ कालपासून म्हणजे कुणाच्या कालपासून? तारीख नाही. नाव नाही. मुलुंड एवढंच, गल्ली नाही, इमारत नाही. फोटोतला चेहरा मोठा करून पाहिला. हा चेहरा मी नक्की आधी पाहिलाय. म्हणजे जुनाच फॉरवर्ड, कुणीतरी पुन्हा वर काढलाय. असल्या मेसेजांतले नंबरही फसवे असतात म्हणे. शिक्का, वर एक ओळ: ‘जुना आहे. फोटो पूर्वी पाहिलेला आहे. पुढे पाठवू नये.’

पाटकर वहिनींनी तो शिक्क्यासकट आपल्या चार ग्रुपवर टाकला. ‘वानखडे साहेबांनी तपासलंय.’ बाळ्याच्या मेव्हण्याच्या ऑफिसच्या ग्रुपवरही गेला.

दुपारी वाद: माकडाला लिफ्टचं बटण कळतं का. चाळीस मेसेज.

५.०० – बाळ्या: “वानखड्या, तू नसतास ना, तर आम्ही सगळे येडे झालो असतो यार.”

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

बुध. ५ फेब्रु.

बाक आजही रिकामा. बागेत एक बाई चालणाऱ्या प्रत्येकाला थांबवून हातातला कागद दाखवत होती. वर्गणी असणार. माझ्याकडे वळतेय असं दिसल्यावर फोन कानाला लावला आणि हॅलो हॅलो करत दुसऱ्या फाटकाने बाहेर पडलो.

शिक्के चार. किरकोळ.

गुरु. ६ फेब्रु.

फाटकावर कागद चिकटवलाय.

आपले आजोबा. बाकावरचे.

फोटो तोच, मंगळवारचा. मी मोठा केला होता तो. कागदावर तो पूर्ण आहे. आजोबा बाकावर बसलेत, हसतायत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला अर्धा माणूस कापला गेलाय, एक गुडघा, मोबाईल धरलेला हात आणि निळ्या नाडीचे पांढरे बूट.

माझे बूट.

चेहरा आधी पाहिला होता तो इथे. रोज सकाळी, हातभर अंतरावर, सहा महिने. मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं म्हणून वाटलं की फोनमध्येच पाहिला असणार. आणि फोटोतही मी नुसता चेहरा मोठा केला, कड बघितली नाही. म्हशीच्या डोळ्याची सावली बघणारा मी.

तिथेच बाकावर बसून शिक्का सर्वांसाठी डिलीट केला. आमच्या ग्रुपवरून गेला. पाटकर वहिनींच्या चार ग्रुपवरून जाणार नाही. मेव्हण्याच्या ऑफिसातून तर नाहीच.

मग लिहिलं: ‘ही बातमी खरी आहे. परब नावाचे गृहस्थ, मुलुंड पूर्व. जास्तीत जास्त पुढे पाठवा.’

बाळ्याने विचारलं, “अरे परवा तर तूच बनावट म्हणालास ना?”

मी लिहिलं, ‘आज नव्याने पडताळणी केली.’

नव्याने पडताळणी! ‘माझी चूक झाली’ हे तीन शब्द त्याहून छोटे होते. बोट तिकडे गेलंच नाही.

कागदावरचा पत्ता आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत. गेलो. दार मुलीने उघडलं. तीच, बुधवारी कागद घेऊन फिरणारी. नाव संध्या. वडील आणि ती, दोघंच राहतात. ती सोमवारी ऑफिसात असताना ते दुपारी कडी काढून निघाले. पोलिसांत तक्रार त्याच संध्याकाळी दिलीय. मला पाहून तिचा चेहरा उजळला. “काका, तुम्ही बाबांच्या बाकावरचे ना? ते सांगतात तुमच्याबद्दल. पेपरवाला म्हणतात तुम्हाला. तो फोटो मी भावाला पाठवायला काढला होता, म्हटलं बघ, बाबांना मित्र मिळालाय.”

मला बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. मी प्यायलो.

मग म्हटलं, साकीनाक्याचं काहीतरी बोलायचे, सातचा भोंगा. ती चमकली. “गिरणी बंद पडल्यावर बाबा साकीनाक्याला एका वर्कशॉपात फिटर होते. वीस वर्षं झाली सोडून. तिकडे जातील असं माझ्या डोक्यातच नाही आलं.” दुपारी आम्ही दोघं रिक्षाने तिकडे गेलो. वर्कशॉपांच्या गल्ल्यांतून पन्नासेक कागद चिकटवले. खळ मी लावत होतो, ती कागद दाबत होती. परत येताना म्हणाली, “काका, तुम्ही नसतात तर.”

बाळ्याही मंगळवारी हेच म्हणाला होता.

शुक्र. ७ फेब्रु.

सापडले. जिवंत आहेत.

अकराला संध्याचा फोन आला. साकीनाक्याला एका बंद गाळ्याच्या मागच्या पायरीवर होते. कागद पाहून तिथल्या पॅकिंगच्या युनिटमधल्या बाईने कळवलं. मी संध्याबरोबर गेलो. परबकाका एवढेसे झालेत. चप्पल नाही. त्या गल्लीत जमिनीवर लोखंडाचा कीस पडलेला असतो, उजव्या पायात घुसून पाय काळानिळा सुजलाय. त्यात साखर आहे त्यांना. ॲम्ब्युलन्सची वाट बघत उभे होतो तेव्हा ती बाई, लताबाई नाव तिचं, बोलायला लागली.

“मी बुधवारीच बघितलं होतं यांना. बसवलं, चहा-बिस्किट दिलं. मोबाईलवर यांचाच फोटो आलेला ना, तो लावून बघितला, तेच होते. फोनच करणार होते. पण त्याखाली तो स्टिकर होता, चष्मेवाल्या माणसाचा, बनावट म्हणून. आमच्या सुपरवायझर बाई बोलल्या, नको गं, फसवाफसवी असते, पोलिसांचं लफडं मागे लागेल. मी आत जाऊन परत बाहेर येते तर हे गायब. मग आज सकाळी कागद बघितला, शोधत मागे आले तर हे या पायरीवर. माझी वाटच लागली हो, दोन दिवस मी गप बसले.”

ती रडत होती. तिची काही चूक नव्हती.

संध्या म्हणाली, “कुठला स्टिकर? दाखवा.” लताबाईने फोन चाळला. स्टोरेज भरतं म्हणून ती रोज सगळं उडवून टाकते, सापडला नाही. संध्या म्हणाली, “कोण असतात ही माणसं?” तिने कुणाला उद्देशून विचारलं नव्हतं.

लताबाईची नजर माझ्याकडे वळायच्या आत मी चष्मा काढून खिशात ठेवला होता. हे इथे लिहून ठेवतो. कुणी पाहिलं नाही, मी पाहिलं.

मग ॲम्ब्युलन्सपर्यंत जाताना मला पायरी दिसली नाही. धडपडलो तर संध्यानेच धरलं.

शनि. ८ फेब्रु.

घरी सुलभाला सगळं सांगितलं. चष्म्याचंही. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. शेवटची तव्यावर टाकून म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? माझे वडील हरवले होते का?”

मनवाला फोन केला. ती अंधेरीला ऑफिसात होती, बाहेर येऊन बोलली. “बाबा, चूक कोणाकडूनही होते. तू सोड ना आता.” मग, “तो स्टिकर मी बनवला ना रे. मलाच कसंतरी होतंय.” म्हणजे मी लेकीच्या वाट्यालाही थोडं दिलं.

हिशेब मांडून पाहिला. सोमवार, मंगळवारच्या रात्री त्यांच्या आजाराच्या. बुधवार आणि गुरुवारच्या माझ्या.

रवि. ९ फेब्रु.

सकाळी विहारात वंदना. पंचशील लहानपणापासून पाठ, विचार न करता तोंडातून निघतं. आज चौथ्यापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, नुसते ओठ हलवले. पाच शीलांत हे आपल्याला सगळ्यात सोपं, असं मी आजवर समजत होतो. दारू न पिण्याच्या पाचव्या शीलाच्या वेळीसुद्धा एवढा ताठ नसतो.

संध्याने आभाराचा मेसेज लिहिलाय आणि तो फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आला. ‘बाबांचे बाकावरचे मित्र श्री. वानखडे यांनी साकीनाका सुचवलं नसतं तर बाबा आज नसते.’ खाली नुसता फुलांचा खच. बाळ्या: “वानखडे साहेब झिंदाबाद!”

मंगळवारचा शिक्का कुणालाच आठवत नाही का? की आठवतो आणि सगळे मला सांभाळून घेतायत? दोन्हींपैकी काय जास्त वाईट ते कळत नाही.

मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. आणखी काय टाकणार होतो?

मंगळ. ११ फेब्रु.

परबकाकांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढली. संध्याचा फोन. डॉक्टर तिला म्हणाले, “दोन दिवस आधी आणलं असतं तर बोटं वाचली असती.” ती ते सहज सांगत होती, मला सांगून टाकलं की तिला हलकं वाटतं म्हणते.

आणि मग: “काका, तुम्हाला ग्रुपमधलं खरंखोटं शोधता येतं ना? तो शिक्का कुणी मारला ते शोधून द्याल? मला भांडायचं नाहीये. फक्त एकदा त्या माणसाला बाबांचा पाय दाखवायचाय.”

मी म्हटलं, बघतो.

बघतो!

गुरु. १३ फेब्रु.

‘चहा-चिवडा’चं वार्षिक स्नेहसंमेलन रविवारी २३ला. पाटकर वहिनींनी जाहीर केलं: यंदा वानखडे साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

मी लिहिलं, कृपा करून नको.

वहिनी: ‘बघा, किती साधा माणूस!’

पुन्हा लिहिलं, खरंच नको, मी त्या योग्यतेचा नाही. त्यावर तर फुलांचा पूरच आला. खरं बोललो तरी विनय ठरतोय. बाळ्याला फोन लावला, त्याला स्पष्ट सांगितलं, शिक्का माझा होता, बाईने त्यामुळे फोन केला नाही. तो मग म्हणाला, “हे बघ, तुझ्यामुळे सापडले पण ना? एकाला एक गेलं. आता उगाच उकरून काढू नकोस रे. त्या मुलीला तरी कशाला त्रास?”

फोन ठेवल्यावर दहा मिनिटं मला ते पटलं होतं.

एकाला एक. बोटं दोन होती.

शनि. १५ फेब्रु.

परबकाका घरी आले. बघायला गेलो. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. पायाला जाड बँडेज. संध्या म्हणाली, “बाबा, कोण आलंय बघा, पेपरवाला.” त्यांनी वळून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. बातमी विचारली नाही.

संध्याने शिक्क्याचं पुन्हा विचारलं. “एक मैत्रीण म्हणाली, तिच्या ग्रुपवर पण आलेला, शोधून पाठवते.” म्हणजे आज ना उद्या माझं तोंड तिच्या फोनवर येणार. ते येण्याआधी मी जायला हवं. हे लिहिताना कळतं. तिच्यासमोर उभं राहिलं की पोह्यांची बशी हातात येते आणि मी पोहे खातो.

चष्मा बदलावा असं मनात आलं होतं. खरंच आलं होतं.

सोम. १७ फेब्रु.

बागेत चाकाची खुर्ची. संध्याने परबकाकांना बाकाशेजारी आणून सोडलं. “अर्धा तास बसाल? मी भाजी घेऊन येते. तुम्ही आहात म्हणून निर्धास्त.” गेली.

मी फोन घरी ठेवून गेलो होतो. हाताला चाळा नाही, म्हणून बसल्या बसल्या त्यांच्याकडे बघितलं. डाव्या भुवईत जुन्या जखमेची खूण आहे. डोळे घारे. सहा महिन्यांत मला हे माहीत नव्हतं.

जरा वेळाने खुर्चीतून आवाज आला, “काय रे, आज काय बातमी?”

मग सांगितलं. “एक म्हातारा हरवला होता. त्याच्या मुलीने सगळीकडे कळवलं. एका शहाण्याने न बघताच सांगितलं, खोटं आहे. लोकांनी त्याचं ऐकलं. म्हातारा आणखी दोन रात्री उपाशी बाहेर राहिला.”

“मेलो तो शहाणो,” काका मालवणीत म्हणाले. “म्हातारो गावलो मा?”

“हो, सापडला.”

“बरां झाला.” आणि झाडावरच्या पोपटांकडे बघायला लागले.

घरी येईपर्यंत छातीतलं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. सुलभाला सांगितलं. ती म्हणाली, “वा. ज्यांच्या लक्षात राहणार नाही त्यांना बरोबर सांगितलंत.”

बुध. १९ फेब्रु.

काल सांगितलं, आज सांगितलं. त्यांना रोज ताजं. काल म्हणाले, “अरारा.” आज म्हणाले, “आणि पायात चप्पल नव्हती? मगे?” बँडेज केलेला पाय समोर उचलून ठेवलेला, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या पायासाठी हळहळत होते. मी रोज माफी मागतो आणि ती रोज मिळते, कारण कुणी मागितली ते त्यांना माहीत नाही. असली माफी म्हणजे सह्या नसलेला माल. कंपनीत मी तो दारातून परत केला असता.

स्वागत समितीने विचारलंय, सत्काराच्या वेळी दोन शब्द बोलणार का?

शुक्र. २१ फेब्रु.

आज परबकाकांनी नेहमीसारखी बातमी विचारली. मी नेहमीसारखी सांगितली. म्हातारा, मुलगी, शहाणा, दोन रात्री. शेवट ऐकून ते नेहमीप्रमाणे पोपटांकडे वळले नाहीत.

“तो शहाणो तुझ्या वळखीचो?”

कसं कळलं कोण जाणे. म्हटलं, हो.

“मगे त्येणा त्या चेडवाक सांगल्यान काय, माझी चूक झाली म्हणान?”

चेडू म्हणजे मुलगी, एवढं मालवणी मला येतं. म्हटलं, “नाही सांगितलं अजून.”

“कित्याक?”

का? भीती वाटते म्हणून, हे म्हणायचं होतं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला एका तीस-पस्तिशीच्या पोरीची भीती. ती रागावेल याची नाही. ती मला काका म्हणायची थांबेल याची.

“त्येका सांग मरे,” परबकाका म्हणाले. “म्हणा, चेडू वाट बघता.” मग खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी ताल धरला आणि सातच्या भोंग्याचं सुरू झालं. आज मी ऐकलं. भोंगा झाल्यावर दोन मिनिटं उशीर झाला तर मुकादम फाटक लावून घ्यायचा. एकदा काका भिंतीवरून उडी मारून आत गेले, भुवई फुटली, पण हजेरी लागली. ती खूण ही.

शनि. २२ फेब्रु.

सकाळी संध्या खुर्ची न्यायला आली तेव्हा तिला म्हटलं, “जरा बसतेस? एक सांगायचंय.” सरळ म्हटलं, मोठ्याने म्हटलं.

ती म्हणाली, “काका, ड्रेसिंगला नऊचा नंबर लागलाय. मी संध्याकाळी घरी येणारच होते तुमच्याकडे. पाटकर काकूंनी शाल माझ्याकडे दिलीय ना, उद्या मीच घालणार आहे तुम्हाला. रंग आवडतो का बघून घ्या.”

ती खुर्ची ढकलत गेली. काकांनी मान वळवून हात केला.

दुपारी तीनला ग्रुपवर लिहिलं: ‘परबकाकांच्या मेसेजवर बनावट शिक्का मी मारला होता. जुना आहे असं मीच लिहिलं होतं. ते खोटं होतं. न तपासता मारला. साकीनाक्याच्या बाईने बुधवारी त्यामुळेच फोन केला नाही. दोन दिवस गेले, त्यांच्या पायाची दोन बोटं गेली. उद्याचा सत्कार होणार नाही. हे मी संध्याला आज स्वतः सांगणार आहे, तोवर कुणी तिला कळवू नये.’ पाठवलं. एकशे बारा जणांनी वाचलं. कुणी काही लिहिलं नाही, बाळ्यानेही नाही. पाटकर वहिनी बराच वेळ टाइप करत होत्या, मग थांबल्या.

मनवाला विचारून तो स्टिकर फोनमधून कायमचा काढणार होतो. मग ठेवला. संध्याला दाखवावा लागेल. ‘शोधून द्या’ म्हणाली होती, तर शोधून देतो.

पावणेसहा झालेत. ती सहाला येणार. सुलभाने दूध आणून ठेवलंय, आलं किसलंय, चांगले कप काढलेत. म्हणते, “आल्या आल्या नका सुरू करू. पोरगी दिवसभर धावपळीत असते. आधी चहा घेऊ दे, मग सांगा.”

मी म्हटलं, नाही. आधी सांगतो. माझ्या घरचा चहा घ्यायचा की नाही, ते मग तिला ठरवू दे.

सुलभाने गॅस बंद केला. चष्मा पुसून घातलाय.